पांढऱ्या उजेडात न दिसलेलं

प्रिय धाकट्या,

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला 'धाकट्या' म्हणू नये, असं तुझी लेक मागच्या खेपेला मला ऐकवून गेली. तिला सांग, हा हुद्दा आहे आणि याला निवृत्ती नाही. फोन सोडून पत्र का लिहितेय, याचं नवल करत बसू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दवाखान्याचा विषय काढला की तू विनोद करतोस, मी चिडते, तू हसतोस आणि संपलं. कागदाला मध्येच तोडता येत नाही. एक ताकीद आधीच देते. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आहे, ती इथे चालणार नाही. पहिल्या ओळीपासून क्रमाने वाच. शेवटी मी तुला एक काम सांगणार आहे आणि ते तुला करावंच लागणार आहे.

आज सोमवार. माझ्या आतड्यातून काढलेल्या एका तुकड्याचा रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे. कॅन्सर आहे की त्याच्या आधीची पायरी आहे, ते तेव्हा कळेल. हे वाक्य लिहायला मी दोन कागद फाडले, म्हणून ते जसं आहे तसंच ठेवते. घाबरून इकडे धावत सुटू नकोस, आधी पुढचं वाच. मी स्वतः घाबरले आहे का, तर हो. काल भांड्यांचं कपाट दोनदा लावून काढलं. आज सकाळपासून टेलिफोनजवळ बसते, उठते, परत बसते, आणि फोन तर शुक्रवारशिवाय येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तुझे दाजी वर्तमानपत्र उलटं धरून वाचल्याचं नाटक करतात. मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते सुलटं केलं आणि तेच पान पुन्हा पाहिलं.

सुरुवात जिन्यापासून झाली. गेले सहा महिने मला दुसऱ्या मजल्यावर चढून येताना धाप लागत होती. मी काय केलं असेल? सोसायटीच्या बैठकीत उठून सांगितलं की जिना चुकीचा बांधलाय, पायऱ्या जरुरीपेक्षा उंच आहेत. पट्टी घेऊन मोजल्यासुद्धा. सेक्रेटरी बिचारा म्हणाला, बाई, इमारत बावीस वर्षं जुनी आहे, पायऱ्या वाढत नसतात. मी त्याला गप्प केलं. शेवटी दाजींनीच मला ओढून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त निम्म्यावर आलेलं होतं. रक्त जातंय कुठे, म्हणून शौचाची तपासणी झाली आणि तिथून मोठ्या दवाखान्यात रवानगी झाली. तुला वाटेल, दोन वर्षांपूर्वी तर हिने दुर्बिणीची तपासणी करून घेतली होती, सगळं साफ आहे म्हणून तोरा मिरवत होती. बरोबर. तेव्हा सगळं साफ होतं. दहा वर्षांनी या, असं सांगितलं होतं. ते दहा वर्षं का म्हणाले, ते पुढे सांगते. त्यातच सगळं आहे.

आदल्या दिवशीच्या औषधाबद्दल थोडंच लिहिते, कारण ते तुला उपयोगी पडेल. मोठी बाटलीभर खारट-गोड पाणी असतं, ते संध्याकाळी आणि पहाटे पोटात ढकलायचं, आणि मग संडासाशी घरोबा करायचा. दाजी दाराबाहेर उभे राहून दर पाच मिनिटांनी विचारत होते, बरी आहेस ना. अकराव्या वेळेला मी आतून म्हटलं की आता विचारलंत तर बाहेर येऊन उत्तर देईन. त्यानंतर पावलं स्वयंपाकघराकडे गेली. एवढंच. माणूस मरत नाही त्याने.

तपासणी करणारी डॉक्टरीण माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची. केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली, बोलणं मोजकं. मला आवडली. मी तिला पहिला प्रश्न विचारला तो काच पुसली का, हा. ती थांबून माझ्याकडे पाहायला लागली. मग मला सांगावं लागलं की मी सूतगिरणीत एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली, आणि रोज पाळी सुरू झाली की पहिलं काम दिव्याची काच पुसायचं. ती म्हणाली, "कॅमेऱ्याची काच आतल्या आत पाण्याने धुतली जाते, बाई. तुम्ही काळजी करू नका. पण विचारलंत ते बरं केलंत, कुणी विचारत नाही."

तू एकदा आमच्या त्या खोलीत आला होतास, आठवतं? पुठ्ठ्याच्या शंकूवर सूत गुंडाळतात, त्याला आम्ही कोन म्हणायचो. खिडक्यांना काळे पडदे, छताला जांभळा दिवा, आणि खाली रांगेत मांडलेले कोन. बाहेरच्या उजेडात सगळे एकसारखे पांढरेशुभ्र. कुणाच्या बापाला फरक कळायचा नाही. जांभळा दिवा लावला की सगळे निळसर उजळायचे आणि त्यात एखादाच पिवळट दिसायचा. तो दुसऱ्या कापसाचा, चुकून मिसळलेला. तो तसाच पुढे गेला तर विणतानाही कळत नाही. कापड रंगवलं की मग त्याचा पट्टा उमटतो, आणि तोपर्यंत अख्खं थान वाया गेलेलं असतं. म्हणून माझा नियम होता की दिव्याखालून गेल्याशिवाय एकही कोन बाहेर जाणार नाही, मग मालक स्वतः दारात उभा राहू दे. पोरी मला मागून 'जांभळी बाई' म्हणायच्या. तू ते ऐकलंस आणि दहा वर्षं मला त्याच नावाने चिडवलंस.

डॉक्टरणीने आत नळी घातली तेव्हा मी अर्धवट गुंगीत होते, पण पडदा मला दिसेल असा फिरवून घेतला होता. पांढऱ्या उजेडात माझं आतडं गुळगुळीत, गुलाबी, ओलसर. कुठे काही नाही. मनात म्हटलं, सुटले. तेवढ्यात तिने नळीवरचं एक बटण दाबलं आणि पडदा हिरवा झाला. तिने आधीच समजावलं होतं की या निळ्या उजेडात आतड्याचं अस्तर स्वतःच मंद उजळतं. निरोगी भाग हिरवा दिसतो, आणि जिथे पेशी वाट चुकायला लागल्यात तिथलं उजळणं कमी होतं, ती जागा जांभळी दिसते. ती नळी हळूहळू मागे घेत होती. हिरवं, हिरवं, हिरवं. एका वळणावर तिचा हात थांबला. अंगठ्याएवढा जांभळा डाग होता. तिने पुन्हा पांढरा उजेड केला आणि डाग नाहीसा झाला. पुन्हा निळा केला, पुन्हा डाग. धाकट्या, माझं सगळं आयुष्य तो खेळ खेळण्यात गेलंय. मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. ती म्हणाली की जांभळं दिसलं म्हणजे वाईटच असं नसतं, नुसती सूज असली तरी तसं दिसतं. मी म्हटलं, बाई, बाहेर काढा आणि तपासा.

दोन पॉलिप निघाले, म्हणजे अस्तरावर वाढलेले मांसाचे कोंब. लहान होता तो अख्खा काढला. मोठा चपटा, अस्तराला चिकटून पसरलेला, तो तुकड्या-तुकड्याने काढावा लागला, आणि त्याची एक कड तिला पसंत पडली नाही. असल्या वाढी पाच-दहा वर्षं गप्प पडून असतात आणि मग कॅन्सर होतात, म्हणाली. बहुधा आपण वेळेत आहोत, म्हणाली. 'बहुधा' या शब्दाशी मी चार दिवस एका घरात राहतेय.

आता ते दहा वर्षांचं. दोन वर्षांपूर्वी मला एक कागद भरायला दिला होता. नाव, वय, वजन, गोळ्या, आणि मग प्रश्न, घरात जवळच्या कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. मी 'नाही' लिहिलं. पेन जरासुद्धा अडलं नाही. घरात कुणाला नाही म्हणून त्यांनी मला साध्या रांगेत बसवलं, साध्या उजेडात पाहिलं आणि दहा वर्षांनी या म्हणून सांगितलं. त्यांची काही चूक नाही. ज्या बाईने एकतीस वर्षांत एक कोन न तपासता सोडला नाही, तिने स्वतःचा सोडला. या वेळी डॉक्टरणीने तोच प्रश्न हातात पेन घेऊन तोंडी विचारला. आई, वडील, भावंडं? मी तिच्या कापलेल्या नखांकडे पाहत बसले. मग म्हटलं, "वडिलांना. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले." शेचाळीस वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले. दाजी शेजारीच बसले होते, त्यांनाही माहीत नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं आणि मागच्या कागदावर नाही असं का लिहिलंय, ते विचारलं. मी म्हटलं, खोटं लिहिलं होतं. ती रागावली नाही. मग साध्या दिव्यावर भागायचं नाही, एवढंच म्हणाली, आणि विचारलं की भावंडं किती. एक भाऊ, मी म्हटलं. त्यांना पाठवा, म्हणाली.

तू आता कागद खाली ठेवला असशील. उचल. हो, बाबांना अल्सर नव्हता. अल्सर फुटला ही गोष्ट बाबांनी रचली आणि मी ती राखली. त्यांना आतड्याचा कॅन्सर होता. इतक्या लहान वयात वडिलांना होतो तेव्हा तो बऱ्याचदा रक्तातून खाली येतो, मुलांत येतो, नातवंडांत येतो. माझ्यात आलाय असं दिसतं. तुझ्या रक्ताची तपासणी झाली की तुझ्या लेकीचंही कळेल. तिचं वय काय, ते मी तुला सांगायला नको.

बाबांचा वजनकाटे दुरुस्त करायचा कारखाना माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही हल्ली. कारखाना कसला, मागच्या अंगणातली पत्र्याची खोली. भिंतीला टांगलेल्या दांड्या, तेलाचा वास, लाकडी पेटीत ओळीने बसवलेली सरकारी शिक्क्याची वजनं, ज्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, आणि जमिनीवर पोती तोलायचा तो मोठा काटा. दर शनिवारी बाबा त्यावर उभे राहायचे. म्हणायचे, दुसऱ्यांचं मापायचं तर आधी आपण मापून घ्यावं. अडुसष्ट, कायम अडुसष्ट. मग एका शनिवारी चौसष्ट. पुढे एकसष्ट. आणि त्याच सुमारास तू आणि तुझे दोन दोस्त त्या काट्यावर उड्या मारताना सापडलात. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "बिघडवलास काटा, आता खोटं वजन दाखवतोय." मग पेचकस घेऊन ते काट्याखाली वाकले, स्क्रू पिळला, आणि उठून सांगितलं की झाला नीट. पुढच्या शनिवारी त्यांनी वजन मोठ्याने वाचलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी ते काट्यावर चढलेच नाहीत. माझी परीक्षा संपली आणि बारा दिवसांनी ते गेले. आणि आलेल्या माणसांसमोर आई जे बोलली ते तू ऐकलंस. म्हणाली, कार्ट्याने काटा बिघडवला नसता तर वजन उतरतंय हे वेळेवर कळलं असतं. तू अकरा वर्षांचा होतास. दाराआड उभा होतास. मी तुझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचे पेले गोळा करायला लागले.

तू त्यावर कधी एक शब्द काढला नाहीस, म्हणून मी समजत होते की विसरला असशील. आपल्याला सोयीचं तेवढं माणूस समजतो. पण तुझ्या घरात वजनाचा काटा नाही. लेक झाली तेव्हा तिला तोलायला दवाखान्यात बायकोला एकटीला पाठवायचास. भाजीवाल्याने पारडं उचललं की तू दुसरीकडे बघतोस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि आई गेली त्या आठवड्यात तू तिच्या उशाशी बसलास, तिचा हात धरून म्हणालास, "आई, त्या काट्याचं अजून मनात आहे का गं?" तिला तेव्हा काही कळत नव्हतं, ती नुसती हसली. मी खिडकीपाशी औषधाचा चमचा धूत होते. तो चमचा मी बराच वेळ धुतला. 

आता शेवटचं. बाबा काट्याखाली वाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना मी त्या खोलीत गेले. मी पदार्थविज्ञान शिकत होते, मला खात्री करून घ्यायची होती. पेटीतली वीस-वीस किलोची पाच वजनं मी एक-एक करून काट्यावर ठेवली. दांडी बरोबर शंभरावर स्थिर राहिली. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. बाबांनी स्क्रूला हातच लावला नव्हता. पेचकस हवेत फिरवला होता. खरा काटा खोटा करणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं. मी वळले तर ते दारात उभे. "शंभरच भरले ना?" म्हणाले. मग त्यांनी वजनांच्या पेटीच्या तळातून घडी केलेला दवाखान्याचा कागद काढून मला वाचायला दिला. त्यांना दोन महिने आधीच सगळं कळलेलं होतं, आणि उपाय उरला नव्हता. आईला सांगायचं नाही, परीक्षा नीट द्यायची, अशी शपथ घातली. मी विचारलं, "आणि धाकट्याला बोल लावताय, त्याचं काय?" ते म्हणाले, "तो लहान आहे. विसरून जाईल." मी शपथ पाळली. आई गेल्यावर ती संपली होती, तरी पाळली, कारण एवढी वर्षं गप्प बसल्याचं तुला काय तोंडाने सांगू हे मला सुचेना. आजही सांगितलं नसतं. पण काल तुझ्या बायकोचा फोन आला. रडत होती. म्हणाली, ह्यांनी कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, आणि विचारलं तर म्हणतात चामडं जुनं झालं, ताणलं गेलं. ते ऐकून मी खाली बसले, धाकट्या. माझा जिना, तुझा पट्टा, बाबांचा काटा. आजच कुरियरने पाठवतेय, उद्या पत्र तुझ्या हातात पडेल. बुधवारी सकाळच्या पहिल्या बसने निघ, वाटेत काही खाऊ नकोस. संध्याकाळी ते खारट पाणी माझ्यासमोर बसून प्यायचं. गुरुवारी आठ वाजता त्याच डॉक्टरीणबाईकडे तुझ्या नावाने वेळ घेतलीय, त्याच निळ्या उजेडात. शुक्रवारपर्यंत मी मुद्दाम थांबले नाही. माझा रिपोर्ट चांगला आला असता तर हे सांगायचा माझा धीर गेला असता, आणि वाईट आला असता तर तू माझ्यासाठी आला असतास आणि स्वतःचं लपवलं असतंस. बाबांचा तो कागद मी माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रामागे ठेवला होता, तो सोबत जोडलाय, डॉक्टरांना दाखवायला आण. मला काय बोलायचं ते गुरुवारनंतर बोल, मी ऐकून घेईन. पट्टा ताणलेला नाही, धाकट्या. आणि तू काटा बिघडवला नव्हतास.

तुझीच,
जांभळी ताई